विश्लेषण : सभागृहात हरूनही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची खुर्ची का जात नाही? तारापूरच्या इंधनातून समजून घ्या अध्यक्षीय पद्धत…

१ ऑक्टोबर २०२५ पासून सलग ४३ दिवस अमेरिकेच्या केंद्र सरकारचा बराचसा कारभार ठप्प होता. खर्चाला मंजुरी मिळाली नाही म्हणून लाखो सरकारी कर्मचारी घरी बसले किंवा बिनपगारी कामावर जात राहिले. त्याआधी महिनाभर, २७ ऑगस्टला, त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले होते. तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या, निर्यातीवर अवलंबून असलेल्या पट्ट्यांना त्याची झळ लागणार हे उघड होते. एका सहीने दुसऱ्या देशातल्या कारखान्यांची झोप उडवणारा माणूस स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा पगार का काढू शकत नाही, असा प्रश्न एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाने विचारला तर घरातल्या मोठ्यांना पटकन उत्तर देता येणार नाही.

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. वाणगावहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढचे स्थानक बोईसर, आणि तिथून पश्चिमेला समुद्राच्या काठी तारापूर अणुऊर्जा केंद्र. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत नेमकी कशी चालते, याचा एक उत्तम धडा ४५ वर्षांपूर्वी या केंद्राच्या इंधनावरून घडला होता.

राष्ट्रपती आणि राष्ट्राध्यक्ष यांत फरक काय?

मराठी वृत्तपत्रे द्रौपदी मुर्मू यांना राष्ट्रपती म्हणतात आणि डोनाल्ड ट्रम्प यांना राष्ट्राध्यक्ष. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, हिंदीतही दोघे राष्ट्रपतीच. मराठीने मात्र हा फरक बऱ्यापैकी जपला आहे आणि तो मुलांना समजावून सांगताना कामाला येतो.

आपले राष्ट्रपती देशाचे प्रमुख असतात, पण सरकार चालवत नाहीत. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. त्यांची निवडही आपण थेट करत नाही. खासदार आणि आमदार करतात. जळगावच्या प्रतिभा पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या, तरी त्या पाच वर्षांत देशाचा कारभार पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे मंत्रिमंडळ चालवत होते. अमेरिकेत पंतप्रधान हे पदच नाही. देशाचा प्रमुख आणि सरकारचा प्रमुख ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षाकडे असतात. ज्या देशांत अशी रचना असते आणि त्या माणसाला संसद सहजासहजी हटवू शकत नाही, तिथे अध्यक्षीय पद्धत आहे असे म्हणतात. अमेरिकेबरोबरच ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया हे देश त्याच वाटेने जातात. फ्रान्सने दोन्हींची सरमिसळ केली आहे.

शाळेच्या मंत्रिमंडळात हे कसे दिसेल?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत मुलांचे शालेय मंत्रिमंडळ असते. समजा, एका शाळेत प्रत्येक वर्गाने एक प्रतिनिधी निवडला आणि मग त्या प्रतिनिधींनी आपल्यातूनच एकाला शाळेचा मुख्यमंत्री केले. महिन्याभरात तो नीट वागेनासा झाला, तर प्रतिनिधी शनिवारी बैठक घेऊन दुसरा निवडू शकतात. दिल्लीत आणि मुंबईत जे चालते ते साधारण असे आहे. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री सभागृहातल्या बहुमताच्या जोरावर खुर्चीत बसतो आणि बहुमत गेले की उठतो. याला संसदीय पद्धत म्हणतात.

आता दुसरी शाळा घ्या. इथे प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या मिळतात. एका चिठ्ठीवर आपल्या वर्गाचा प्रतिनिधी, दुसरीवर अख्ख्या शाळेचा मुख्यमंत्री. मुख्यमंत्री वर्षभरासाठी पक्का. प्रतिनिधींना तो आवडला नाही तरी ते त्याला काढू शकत नाहीत आणि त्याला प्रतिनिधी आवडले नाहीत तरी तो त्यांना घरी पाठवू शकत नाही. तो आपले मदतनीस स्वतः निवडतो, पण प्रतिनिधींमधून नाही. एखाद्या प्रतिनिधीला मदतनीस व्हायचे असेल तर आधी प्रतिनिधीपद सोडावे लागते. आणि खरी गंमत पुढे आहे. खेळाच्या साहित्याच्या पैशांची वही प्रतिनिधींकडे असते. मुख्यमंत्र्याने कितीही मोठी घोषणा केली तरी चेंडू विकत घ्यायचा तर वही त्यांच्याकडूनच आणावी लागते.

ही दुसरी शाळा म्हणजे अमेरिका. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्या काँग्रेस पक्षाशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. तिची दोन सभागृहे आहेत : ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांचे सेनेट. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो आणि १९५१ मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीनुसार त्याला दोनदाच निवडून येता येते. तोही अगदी थेट निवडला जातो असे नाही. मतदार आपापल्या राज्यातून ‘निर्वाचक’ निवडतात, असे एकूण ५३८ निर्वाचक असतात आणि त्यांतले २७० ज्याच्या बाजूने तो जिंकतो. त्यामुळे २०१६ मध्ये देशभरात कमी मते पडूनही ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले होते. हा किचकट भाग मुलांनी आत्ता सोडून दिला तरी चालेल.

तारापूरच्या इंधनावरून वॉशिंग्टनमध्ये काय घडले?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेत करार झाला, ऑक्टोबर १९६९ मध्ये भट्ट्यांतून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि महाराष्ट्र-गुजरातला वीज मिळू लागली. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते ३० वर्षे अमेरिकेने पुरवायचे, असे करारात ठरले होते.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि अमेरिकेत चित्र पालटले. तिथल्या काँग्रेसने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी कायदा केला. ज्या देशाने आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुली केली नसतील, त्याला ठरावीक मुदतीनंतर इंधन द्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. भारताला ते मान्य नव्हते. एका बाजूला १९६३ चा शब्द, दुसऱ्या बाजूला १९७८ चा कायदा, आणि मधे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले तारापूर.

१९८० मध्ये तारापूरसाठी ३८ टन इंधनाचे दोन अर्ज अमेरिकेत प्रलंबित होते. इथून पुढे पाहा, चार वेगवेगळ्या हातांतून ही फाइल कशी गेली.

पहिला हात अणुऊर्जा नियामक आयोगाचा. या आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्षच नेमतो, पण सेनेटच्या संमतीने; आणि एकदा नेमल्यावर परवाना द्या किंवा देऊ नका असा हुकूम तो त्यांना सोडू शकत नाही. १६ मे १९८० रोजी आयोगाने एकमताने परवाना नाकारला.

दुसरा हात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा. आयोगाचा नकार बाजूला सारण्याचा अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षाला ठेवला होता. सोव्हिएत फौजा नुकत्याच अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, भारताला दुखावणे कार्टर यांना परवडणारे नव्हते. १९ जूनला त्यांनी कार्यकारी आदेशावर सही करून इंधन पाठवायला परवानगी दिली. मौज अशी की ज्या कायद्यामुळे इंधन अडले होते, त्यावर दोन वर्षांपूर्वी सही करणारे राष्ट्राध्यक्षही कार्टरच होते.

तिसरा हात प्रतिनिधिगृहाचा. त्या कायद्यात अशीही मेख होती की दोन्ही सभागृहांनी ठरावीक मुदतीत विरोधाचा ठराव केला तर राष्ट्राध्यक्षाचा आदेश रद्द. १८ सप्टेंबर १९८० रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झाले. कार्टर यांच्या विरोधात २९८, बाजूने ९८. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या सभागृहात बहुमत कार्टर यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. स्वपक्षीयांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाला एवढ्या फरकाने हरवले.

चौथा हात सेनेटचा. सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, तिथे विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ मतांनी पडला. एकाच सभागृहाचा विरोध पुरेसा नव्हता. त्यामुळे कार्टर यांचा आदेश टिकला आणि इंधनाचा मार्ग मोकळा झाला. दोन मतांनी.

या सगळ्या प्रकरणात कार्टर यांची खुर्ची जाईल का, हा प्रश्न एकदाही आला नाही. २९८ विरुद्ध ९८ असा मार खाल्ल्यावरही दुसऱ्या दिवशी ते राष्ट्राध्यक्षच होते. तसेच, एवढे मोठे पद असूनही तारापूरला इंधन पाठवणे हे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. अध्यक्षीय पद्धतीच्या या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत : माणूस पक्का, पण त्याचे प्रत्येक काम पक्के नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्टर निवडणूक हरले आणि रोनाल्ड रेगन आले. त्यांना घरी पाठवले ते मतदारांनी, मुदत संपताना.

तारापूरचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटला नाही. पुढचा पुरवठा अडलाच. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे, असा मध्यम मार्ग निघाला. कराराचा शब्द देणारा राष्ट्राध्यक्ष आणि तो शब्द पाळायला लागणारी मंजुरी देणारी काँग्रेस यांची तोंडे दोन दिशांना असली की समोरच्या देशाची काय गत होते, हे तारापूरने तेव्हा अनुभवले.

दिल्लीत असे घडले असते तर?

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेले आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. कार्टर प्रतिनिधिगृहात २०० मतांनी हरले आणि राहिले, वाजपेयी एका मताने हरले आणि गेले. दोन्ही मतदानांचे विषय वेगळे होते हे खरे. एक इंधनाबद्दल होते, दुसरे थेट सरकारवरच्या विश्वासाबद्दल. पण अमेरिकेत सरकारवर विश्वास आहे का, असे मतदान घेण्याची सोयच नाही, हाच तर मुद्दा आहे.

याहून नेमकी तुलना हवी असेल तर २००८ चे वर्ष पाहावे. विषय पुन्हा अणुऊर्जेचाच, आणि तोच विषय दोन्ही देशांच्या संसदांपुढे आला. भारत-अमेरिका अणुकराराला विरोध करत डाव्या पक्षांनी जुलैमध्ये मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलैला पंतप्रधानांना लोकसभेत विश्वासमत घ्यावे लागले. २७५ विरुद्ध २५६ मतांनी ते वाचले. त्या दिवशी खासदारांनी सभागृहात नोटांची बंडले दाखवली, हे अनेकांना आठवत असेल. तिकडे जॉर्ज बुश यांना त्याच करारासाठी काँग्रेसची मंजुरी हवी होती. दोन्ही सभागृहांत तेव्हा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते. तरी प्रतिनिधिगृहाने सप्टेंबरअखेर आणि सेनेटने १ ऑक्टोबरला मोठ्या फरकाने होकार दिला. त्यांनी नकार दिला असता तर करार गेला असता, बुश नव्हे. मनमोहन सिंग हरले असते तर करारही गेला असता आणि सरकारही.

मग राष्ट्राध्यक्षाला कोणीच हटवू शकत नाही?

हटवू शकतात, पण नापसंतीच्या कारणावरून नाही. गंभीर गुन्हा किंवा गैरवर्तन असेल तर महाभियोग चालवता येतो. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, सेनेटने खटला चालवायचा आणि दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८ मध्ये, बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आणि ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ अशी दोनदा ही वेळ आली. एकदाही सेनेटमध्ये दोन तृतीयांश जमले नाहीत. १७८९ पासून आजवर एकाही अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला महाभियोगाने काढता आलेले नाही. रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये महाभियोगाची चाहूल लागताच राजीनामा दिला, ते एकटेच.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एकदाही यशस्वी न झालेले हत्यार कितपत धारदार असेल, अशी शंका कोणालाही यावी. पण दक्षिण कोरियाने अलीकडेच ते वापरून दाखवले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा जाहीर केला. खासदार रातोरात संसदेत पोहोचले, काहींनी कुंपणावरून उड्या मारल्या, आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो उठवण्याची मागणी केली. ११ दिवसांत महाभियोग मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केले. सगळी सत्ता एका माणसाकडे दिली की तो माणूस बिघडल्यास काय, याचे उत्तर कागदावरच्या कलमाइतकेच त्या रात्री जागे राहणाऱ्यांवर अवलंबून होते.

पगार अडतो आणि आयातशुल्क वाढते, हे कसे?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. पैशांची वही काँग्रेसकडे असते. राष्ट्राध्यक्ष अंदाजपत्रक सुचवतो, मंजुरी काँग्रेस देते. २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते, पण सेनेटच्या नियमांमुळे बहुतेक विधेयके पुढे सरकवायला १०० पैकी ६० मते लागतात. तेवढी नव्हती. म्हणून वही बंद राहिली आणि सरकारही. आपल्याकडे सरकारचे अंदाजपत्रक लोकसभेत पडले तर सरकारच पडते. कचेऱ्यांना कुलूप लागण्याची वेळ येत नाही.

आयातशुल्क ठरवण्याचा अधिकारही अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसलाच दिला आहे. मात्र वेगवेगळ्या कायद्यांतून काँग्रेसने त्याचा काही भाग राष्ट्राध्यक्षाला वापरायला दिला. ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्याने एवढा अधिकार मिळतो का, यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उसनी दिलेली वस्तू परत मागणे काँग्रेसला सोपे नसते, कारण राष्ट्राध्यक्षाकडे नकाराधिकार आहे. त्याने विधेयक परत पाठवले तर ते पुन्हा मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. द्यायला साधे बहुमत पुरते, परत घ्यायला दोन तृतीयांश.

आपण ही पद्धत का घेतली नाही?

घटना लिहिताना हा विचार झाला नव्हता असे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत प्रश्नोत्तरे, चर्चा, अविश्वास ठराव यांतून सरकारची रोजच्या रोज झाडाझडती होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले. खेळाचा निकाल वर्षाअखेर लावायचा की रोज हजेरी घ्यायची, असा हा प्रश्न होता आणि बाबासाहेबांनी हजेरी निवडली.

तरी चर्चा संपली नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, स्वर्णसिंग समितीने अध्यक्षीय पद्धतीचा विचार करून संसदीय पद्धतच ठेवावी असे म्हटले. पुढे १९८० च्या दशकात वर्ध्याचे खासदार आणि काँग्रेसचे नेते वसंत साठे यांनी अध्यक्षीय पद्धतीचा उघड आणि सातत्याने पुरस्कार केला. दिल्लीत सरकारे लवकर-लवकर पडू लागली की हा विषय निघतो आणि भक्कम बहुमताचे सरकार आले की मागे पडतो.

पण पालघर-वाणगावात ही पद्धत आलेली आहे का?

निम्मी आली आहे, आणि याकडे आपले लक्षच गेलेले नाही. २०१६ मध्ये नगराध्यक्ष आणि २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा देवेंद्र फडणवीस सरकारने केला. नगराध्यक्षांची थेट निवड तर त्याआधी २००१ मध्येही आणली गेली होती आणि काही वर्षांत मागे घेतली होती. २०२० मध्ये उद्धव ठाकरे सरकारने दोन्ही निवडी पुन्हा सदस्यांकडे दिल्या. सरपंचांबाबतच्या अध्यादेशावर सही करायला तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नकार दिल्याने सरकारला विधेयक आणावे लागले. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने थेट निवड परत आणली. २०२५ च्या डिसेंबरातल्या नगर परिषद निवडणुकांतही नगराध्यक्षासाठी वेगळे बटण होते.

सहा वर्षांत तीनदा नियम बदलला. प्रत्येक वेळी लोकशाहीचेच कारण दिले गेले, पण बदलाची वेळ पाहिली तर मुंबईत सत्तेवर आलेल्याला गावात काय सोयीचे, हाच हिशेब जास्त दिसतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडण्याची रीत बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. आपल्याकडे विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरते.

थेट निवडीचा परिणाम पालघरने पाहिला आहे. मार्च २०१९ मध्ये पालघर नगर परिषदेच्या निवडणुकीत नगराध्यक्षपदी राष्ट्रवादी काँग्रेसच्या उज्ज्वला काळे निवडून आल्या आणि २८ नगरसेवकांच्या सभागृहात बहुमत मिळाले शिवसेना-भाजप युतीला. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, दोन वेगळे कौल दिले. कार्टर आणि प्रतिनिधिगृह निदान एकाच पक्षाचे होते. इथे खुर्ची एका पक्षाची आणि सभागृह दुसऱ्यांचे. जुन्या पद्धतीत असे सहसा घडत नसे, कारण ज्याचे बहुमत त्याचाच नगराध्यक्ष होई.

वाणगाव डहाणू तालुक्यात आहे. हा सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे इथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायदा लागू आहे आणि सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. थेट निवडीमुळे अशा गावांत एक चांगली गोष्ट झाली, असे म्हणायला जागा आहे. पूर्वी सरपंच सदस्यांतून निवडला जाई तेव्हा निकाल लागल्याबरोबर सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेण्याचे प्रकार महाराष्ट्रभर चालत. राखीव पदावर बसलेल्या सरपंचाच्या डोक्यावर तर अविश्वास ठरावाची टांगती तलवार ठेवून मागून कारभार हाकणारे वेगळेच असत. आता सरपंचाला गावाने थेट मते दिलेली असतात आणि पहिली दोन वर्षे त्याच्यावर अविश्वास ठराव आणताच येत नाही.

पण पैशांची वही इथेही दुसऱ्यांकडे आहे. खर्चाला आणि कामांना मासिक सभेत ठराव लागतो. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असले की नळपाणी योजनेची दुरुस्ती किंवा गटाराचे काम महिनोन्महिने ‘पुढील सभेत घेऊ’ या शेऱ्याखाली पडून राहू शकते. अमेरिकेतले ४३ दिवस टीव्हीवर दिसले. गावातले दिसत नाहीत, कारण ग्रामपंचायतीला कुलूप लागत नाही, फक्त काम होत नाही.

अडलेच तर सरपंचाला हटवायची वाट मात्र अमेरिकेहून वेगळी आहे, आणि दिल्लीहूनही. दोन वर्षांनंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी सरपंच लगेच जात नाही. विशेष ग्रामसभा बोलवावी लागते, तिथे गुप्त मतदान होते आणि गावाने बहुमताने तो ठराव उचलून धरला तरच पद जाते. आपण निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी मत देऊन परत बोलावण्याचा अधिकार अमेरिकेच्या मतदाराला नाही. वाणगावच्या मतदाराला सरपंचाबाबत तो आहे. फक्त त्याची सुरुवात मतदाराला करता येत नाही. ११ जणांच्या सभागृहात आधी ९ जणांनी हात वर करावे लागतात. ते झाले नाहीत, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ग्रामसभेत प्रश्न विचारत राहणे एवढेच गावाच्या हातात उरते.